डेलियाचा कंद पावसात जपा, फूल दरवर्षी तुमचंच

अबोली, जास्वंद, तगर, झेंडू ही फुलं आपल्या परसात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या जोडीला कोणीतरी हौसेनं पुण्या-मुंबईहून डेलियाचं रोप आणतो. जानेवारीत ताटलीएवढं फूल येतं, येणारा-जाणारा थांबून बघतो. पुढे मृगाचा पाऊस लागतो आणि दिवाळीच्या सुमारास ती जागा खणावी तर हाताला कुजका लगदा लागतो. पुन्हा विकत आणायचं, पुन्हा घालवायचं. शेवटी ‘कोकणात डेलिया टिकत नाही’ म्हणून आपण मोकळे होतो.

हे बरोबर नाही. डेलिया आपल्याकडे वाढतो आणि फुलतोही. तो जातो तो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यात वस्तू जपणं कोकणी माणसाला नवीन नाही.

असं का होतं?

डेलिया मूळचा मेक्सिकोच्या डोंगराळ भागातला. स्वीडनचे वनस्पतिशास्त्रज्ञ डाल यांच्या स्मरणार्थ १७९१ मध्ये त्याला हे नाव मिळालं. १९६३ मध्ये मेक्सिकोनं त्याला राष्ट्रीय फूल ठरवलं. तिकडे तो बेताच्या पावसात वाढतो आणि कोरड्या थंडीत त्याचा कंद जमिनीखाली झोपतो. आपल्याकडे सगळं उलट. ऑक्टोबर ते मार्च या कोरड्या दिवसांत आपण त्याला वाढवतो आणि त्याच्या झोपेच्या वेळेला आपल्या जिल्ह्यात ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. झोपलेल्या कंदाला पाणी लागत नाही, लागतो तो कोरडेपणा. ओल्या मातीत तो कुजणारच.

दुसरी गोष्ट म्हणजे बी धरून उपयोग नाही. बियांपासून आलेलं फूल आईसारखं निघत नाही. म्हणजे कंद गेला की ती जातच तुमच्या घरातून गेली.

जागा आणि माती

सकाळचं पाच-सहा तास ऊन, दुपारनंतर थोडी सावली आणि वाऱ्याला आडोसा अशी जागा निवडा. समुद्राकडच्या खाऱ्या वाऱ्याला गडगा किंवा कुंपणाची झाडं आड हवीत. नुसत्या कातळावर जमणार नाही. जांभ्या दगडांचा फूटभर उंच वाफा बांधून त्यात पोयटा माती आणि कुजलेलं शेणखत भरा. आपली माती आम्लधर्मी असते आणि त्यात घातलेलं स्फुरद अडकून बसतं. म्हणून आधी माती परीक्षण करून घ्या आणि अहवालाप्रमाणेच चुना वापरा.

अर्ध्या गुंठ्यात तीन-तीन फुटांवर लावलं तर पायवाट सोडून चाळीस-पन्नास झाडं बसतात. घरच्या हौसेला आणि प्रदर्शनाला एवढी पुष्कळ झाली. लहान फुलांच्या जाती दीड फुटावर चालतात.

किनाऱ्यालगतच्या गावांनी लहान आणि मध्यम फुलांच्या जाती धराव्यात, कारण उबेत मोठं फूल आकसतं आणि लवकर मान टाकतं. दापोलीच्या पठारावर किंवा सह्याद्रीच्या पायथ्याला रात्री थंड असतात. तिथे मोठ्या फुलांचा प्रयत्न करायला हरकत नाही.

लागवड

सप्टेंबरच्या मध्याला जपलेले कंद बाहेर काढा आणि पडवीत किंचित ओलसर वाळूत मांडा. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाला मात्र फक्त मानेशी, जुन्या खोडाला चिकटून. त्यामुळे घड कापताना प्रत्येक तुकड्याला मान आणि डोळा आला पाहिजे. नुसता कंद कितीही जाडजूड असला तरी उगवणार नाही. तीन-चार इंचांचे कोंब खुडून वाळूत लावले तर दोन-तीन आठवड्यांत मुळं धरतात. एका कंदाची अशी चार-पाच रोपं होतात.

ऑक्टोबरात पाऊस उघडला की लागवड करा. काठी आधी रोवा, मग रोप लावा. नंतर रोवलेली काठी हमखास कंदात घुसते. परसातली चिव्याची काठी यासाठी उत्तम. खड्ड्यात शेणखत आणि मूठभर सुपर फॉस्फेट घाला, कळ्या दिसू लागल्यावर चुलीतली राख द्या. युरियाचा मोह टाळा. त्यानं पाला माजतो, देठ लुळे पडतात आणि कंदही साठवणीत टिकत नाही.

लहान फुलांच्या झाडाला पानांच्या चार जोड्या आल्या की शेंडा खुडा, फुटवे वाढतील. मोठं फूल हवं असेल तर एक ते तीनच फांद्या ठेवा. प्रत्येक शेंड्यावर तीन कळ्या येतात. त्या वाटाण्याएवढ्या झाल्या की मधली ठेवून बाजूच्या दोन काढा. बुंध्याशी पेंढ्याचं आच्छादन घाला आणि कळ्या धरल्यावर पाण्याचा ताण पडू देऊ नका.

मावा दिसला तर लगेच बंदोबस्त करा, कारण तो विषाणू पसरवतो. पानं चट्ट्यापट्ट्याची झालेलं, खुजं झाड कंदासकट उपटून जाळा. असा कंद शेजाऱ्याला देऊ नका. रान जवळ असेल तर रानडुक्कर आणि साळिंदरावरही लक्ष ठेवा.

पावसाळ्याची बेगमी

मार्चअखेर पानं पिवळी पडू लागली की पाणी कमी करत बंद करा. पाला सुकल्यावर अर्धा फूट खोड ठेवून वरचा भाग कापा. आठवड्यानं घड बाजूनं सैल करून अलगद उचला, कारण मान मोडली तर कंद फुकट. माती झटकून चार-पाच दिवस सावलीत सुकवा. जखमांना राख लावा. मग कोरड्या वाळूत, खोड खाली करून, लाकडी खोक्यात किंवा मडक्यात भरा आणि जातीच्या नावाची चिठ्ठी बांधा. खोकं माळ्यावर ठेवा, पण चुलीच्या थेट वर नको. तिथे कंद सुरकुततात. पावसाळाभर पंधरा दिवसांनी एकदा उघडून बघा आणि मऊ पडलेला कंद बाजूला काढा, नाहीतर एक नासका सगळे नासवतो. कुंडीतला कंद काढला नाही तरी चालेल. पाणी तोडा आणि कुंडी आडवी करून पडवीच्या कोरड्या कोपऱ्यात ठेवा.

प्रदर्शन गावातच भरवा

पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधलं आणि मुंबईच्या राणीच्या बागेतलं पुष्पप्रदर्शन प्रसिद्ध आहे. जमेल तेव्हा जाऊन बघा. पण तोडलेल्या डेलियाची कळी पुढे उमलत नाही आणि फूल चार-पाच दिवसांवर टिकत नाही. एस.टी.च्या प्रवासात पाकळ्या दबतात त्या वेगळ्याच. म्हणूनच मोठ्या बाजाराची आशाही धरू नका. विक्री झालीच तर रोपांची आणि कंदांची होईल.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मनावर घेतलं तर २६ जानेवारीला किंवा माघी गणपतीला शाळेच्या व्हरांड्यात प्रदर्शन भरू शकतं. खर्च म्हणाल तर बाटल्या, टेबलं आणि चिठ्ठ्या. एक फूल, तीन फुलं आणि कुंडी असे तीन वर्ग पुरेत. परीक्षकांनी ठेवण, रंगाचा ताजेपणा, देठाचा ताठपणा आणि पानांची निगा बघावी. तीन फुलांच्या वर्गात तिन्ही सारखी हवीत. पॉम्पॉन जातीचं फूल दोन इंचांच्या आसपास गोल असावं, मोठं झालं तर गुण कापावेत. स्पर्धकांनी जवळजवळ पूर्ण उमललेलं फूल भल्या पहाटे तोडून देठ लगेच पाण्यात बुडवावा.

आणि बक्षीस म्हणून पेला देण्यापेक्षा जपलेले, नावाची चिठ्ठी बांधलेले कंद द्यावेत. एकाच घरात असलेली जात एका पावसात जाऊ शकते. तीच दहा घरांच्या माळ्यावर असेल तर गावातून सहसा जायची नाही.