त्वचेची आठवण

माझी मावशी ऐन मे महिन्यातही मनगटापर्यंतच्या बाह्यांचं पोलकं घालायची. सकाळी उठली की आधी आपली चादर मागच्या दारी नेऊन झटकायची, मगच चहाचं आधण ठेवायची. चादरीतून उडणारा चंदेरी कोंडा कुणाच्या नजरेस पडू नये, एवढीच तिची धडपड असे. कोपरांवर, गुडघ्यांवर, केसांच्या कडेने लाल चट्टे आणि त्यांवर अभ्रकाच्या पापुद्र्यांसारख्या खपल्या. ‘रक्त बिघडलंय’ हे घरचं निदान. मग वांगं बंद, आंबट बंद, कडुनिंबाचा रस सुरू. हा सोरायसिस आहे आणि तो शिवल्याने लागत नाही, हे एका डॉक्टरांनी तिला स्वच्छ शब्दांत सांगितलं, तेव्हा तिच्या लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती.

त्या वीस वर्षांचा मला आजही राग येतो. हा रोग नेमका कुठून येतो हे वैद्यकशास्त्रालाच फार उशिरा उमगलं, हे ठाऊक असूनही येतो.

सोरायसिस आणि कुष्ठरोग हे वेगळे आजार आहेत हे ठामपणे मांडलं गेलं ते १८४१ मध्ये, व्हिएन्नाच्या फर्डिनांड फॉन हेब्राकडून. पण वेगळा म्हणजे कसला? निरोगी त्वचेच्या तळाशी जन्मलेली पेशी वर सरकत सरकत झडून जायला साधारण चार आठवडे घेते. सोरायसिसमध्ये हा प्रवास तीन ते पाच दिवसांत उरकतो. कच्च्या पेशींचे थर साचतात, त्याच खपल्या. साहजिकच विसाव्या शतकात बराच काळ सगळ्यांचा समज असा, की त्वचेच्या पेशीच बेफाम वाढतात आणि बाकी शरीराचा त्यात फारसा हात नाही.

हा समज मोडला तो दुसऱ्याच दुखण्यावर उपचार चालू असताना. १९५१ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गबनर संधिवातावर अमिनोप्टेरिन देऊन पाहत होते. हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध. तेव्हा सोरायसिसचे चट्टेही निवळले. त्याचा अर्थ लावला गेला तो जुन्याच समजुतीने : औषध पेशींची वाढ रोखतं, म्हणून खपल्या थांबल्या. पुरावा हातात होता आणि वाचला मात्र उलटा गेला. मग १९७९ मध्ये म्युलर आणि हेरमान यांनी सांधेदुखीच्या रुग्णांना सायक्लोस्पोरिन दिलं. रोपण केलेलं मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना आवरणारं हे औषध. पुन्हा तेच झालं, चट्टे विरले. पुढे अस्थिमज्जा रोपणातून तर विलक्षण नोंदी आल्या. सोरायसिस असलेल्या दात्याची मज्जा मिळालेल्या रुग्णाला सोरायसिस झाला, आणि काही रुग्णांचा जुना सोरायसिस निरोगी दात्याच्या मज्जेनंतर गेला.

तरी शंका उरलीच होती : सायक्लोस्पोरिन त्वचेच्या पेशींवरही काम करत असेल तर? १९९५ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात गॉटलीब, क्रूगर आणि सहकाऱ्यांनी असं विष वापरलं, जे फक्त चेतलेल्या टी-पेशींना मारतं आणि त्वचेच्या पेशींना हात लावत नाही. चट्टे ओसरले. वादाचा निकाल लागला तो मुख्यतः इथे.

पुढची कडी मला सगळ्यांत आवडते. सोरायसिसमागे इंटरल्युकिन-१२ हा निरोप्या रेणू असावा असं मानून त्याला अडवणारी औषधं घडवायला सुरुवात झाली होती. २००० साली इंटरल्युकिन-२३ सापडला आणि लक्षात आलं की दोघांचा एक तुकडा सारखाच आहे. औषध नेमकं त्याच तुकड्याला पकडत होतं. खरा चिथावणीखोर निघाला २३. तो ज्या पेशींना बळ देतो त्या इंटरल्युकिन-१७ सोडतात आणि त्वचेच्या पेशींना घाई सुटते. त्या सामाईक तुकड्याला पकडणाऱ्या उस्टेकिनुमॅबला अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळाली, थेट १७ ला अडवणाऱ्या सेक्युकिनुमॅबला २०१५ मध्ये.

एवढी नेमकी औषधं आली, तरी थांबवल्यावर अनेकांचा चट्टा परततो, आणि तोही पुष्कळदा त्याच जुन्या जागी. याचं उत्तर बोस्टनच्या संशोधकांच्या कामात मिळू लागलं. २००६ मध्ये त्यांनी मांडलेल्या हिशेबानुसार माणसाच्या त्वचेत सुमारे दोन हजार कोटी टी-पेशी असतात, रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. यातल्या काही तिथेच घर करून राहतात, जुनी चिथावणी लक्षात ठेवतात. त्वचा वरून नितळ दिसते आणि आत आठवण जागी असते. त्वचेला इजा झाली की तिथे नवा चट्टाही उठू शकतो. हाइनरिश कोब्नरने १८७० च्या दशकातच एका रुग्णाची हकिगत नोंदवली होती, त्याला घोडा चावला त्या ठिकाणीही चट्टे उमटले होते. आपल्याकडच्या आजीबाई ‘खाजवू नकोस, वाढेल’ म्हणायच्या, त्यात तथ्य होतं.

भारतात या औषधांपुढे एक वेगळीच अडचण उभी राहते. यातली काही औषधं टीएनएफ या आणखी एका निरोप्या रेणूला अडवतात. तो सोरायसिस भडकवतो, तसाच फुप्फुसात दबून राहिलेल्या क्षयाच्या जंतूभोवतीचा वेढाही तोच टिकवतो. तो अडवला की क्षय उफाळू शकतो. म्हणून इंजेक्शनाआधी क्षयाची तपासणी चुकवून चालत नाही. किंमत ही दुसरी अडचण. बंगळुरूच्या बायोकॉनचं इटोलिझुमॅब २०१३ मध्ये आलं, झायडसने २०१४ मध्ये टीएनएफ अडवणाऱ्या अडालिमुमॅबची स्वस्त प्रतिकृती आणली, तरी साध्या घराला ही औषधं जडच जातात.

कोडाची गोष्टही याच वळणाची. त्यात टी-पेशी रंग तयार करणाऱ्या पेशींना मारतात. या मारेकऱ्यांना बोलावणारा निरोप अडवणारं रुक्सोलिटिनिबचं मलम अमेरिकेत २०२२ मध्ये मान्य झालं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘नितळ’ हा चित्रपट कोड असलेल्या मुलीवर केला, तो त्याच्या कितीतरी आधी, २००६ मध्ये. मलम डाग भरून काढेल. स्थळ बघायला आलेल्यांची नजर त्याने बदलत नाही.

रोग नवा असतानाच जोरदार उपचार केले तर ती आठवण रुजणारच नाही का, हे आता तपासलं जातंय. मावशीसाठी तो काळ केव्हाच सरला. तिला लागू पडलं ते जुनं, स्वस्त मेथोट्रेक्सेट, अमिनोप्टेरिनचंच भावंड. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. म्हणून दर रविवारी रात्री जेवण झालं की ती गोळी घेते आणि कालनिर्णयवरच्या त्या चौकोनात पेनाने ठिपका देते. मग उन्हाळा असला तर अर्ध्या बाह्यांच्या पोलक्यातच अंगणात येऊन बसते.