विटांची भिंत आणि साडेतीनशे डॉलर

सोलापूरहून अक्कलकोटकडे जाणाऱ्या रस्त्यावर कुंभारी हे गाव आहे. विडी कामगारांच्या मोठ्या वसाहतींमुळे ते जिल्ह्याबाहेरही परिचित झाले. तेथील एखाद्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसताना गल्ल्यावर बसलेल्या मुलाच्या मोबाइलवर जो खेळ रंगतो, तोच सोलापूरच्या चाटी गल्लीतही रंगतो. वर रंगीत विटांची भिंत, खाली आडवी सरकणारी फळी आणि मध्ये सैरावैरा धावणारा चेंडू. चेंडू विटेला लागला की वीट नाहीशी होते. फळीवर झेलता आला नाही की तो गेला. घरातील वडीलधाऱ्यांना लगोरी आठवावी असाच हा प्रकार. फरक एवढाच, की लगोरीत फोडलेला ढीग पुन्हा रचावा लागतो. येथे फोडलेली वीट परत येत नाही.

या खेळाचे मूळ नाव ‘ब्रेकआउट’. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतातील अटारी कंपनीने तो १९७६ मध्ये बाजारात आणला. नाणे टाकून खेळण्याच्या यंत्रांचा तो काळ होता. चार वर्षांपूर्वी याच कंपनीच्या ‘पाँग’ने चांगला गल्ला जमवला होता, पण त्यासाठी दोन खेळाडू लागत. एकट्यानेच भिंतीशी खेळावे, ही कल्पना अटारीचे संस्थापक नोलन बुशनेल आणि त्यांचे सहकारी स्टीव्ह ब्रिस्टो यांची. विटांच्या ८ ओळी, प्रत्येकीत १४ विटा. खालच्या पिवळ्या विटेला १ गुण, पुढे हिरवीला ३, नारिंगीला ५ आणि सर्वांत वरच्या लाल विटेला ७. गंमत अशी, की पडदा मुळात कृष्णधवलच होता. काचेवर रंगीत पट्ट्या चिकटवून विटा रंगवल्या होत्या. त्या यंत्रात संगणकाचा मेंदू म्हणावा असा मायक्रोप्रोसेसरही नव्हता; अनेक लहान चिपांची जोडणी करूनच सारा खेळ चाले. प्रत्येक चिपेमागे खर्च वाढे, म्हणून जितक्या चिपा वाचतील तितका फायदा, असा कंपनीचा साधा हिशेब होता.

१९७५ मध्ये हे काम स्टीव्ह जॉब्स या विशीतील नोकराकडे आले. तो आदल्या वर्षी भारतात भटकून परतला होता. यंत्ररचनेत मात्र त्याचा हात फारसा चालत नसे. त्याने आपला मित्र स्टीव्ह वोझनियाक याला गाठले. वोझनियाक दिवसा ह्युलेट-पॅकार्डमध्ये नोकरी करी. जॉब्सने त्याला सांगितले, की ७०० डॉलर मिळतील आणि ते निम्मे निम्मे वाटून घेऊ. काम मात्र चार दिवसांत पुरे झाले पाहिजे. ही घाई अटारीची नव्हती. जॉब्सला सफरचंदांच्या हंगामासाठी एका शेतावर जायचे होते, असे पुढे उघड झाले. वोझनियाकने चार रात्री जागून रचना आखली आणि जॉब्सने ती तारांनी जोडली. चिपांची संख्या पन्नासाच्याही खाली आली. रचना इतकी आटोपशीर झाली, की कारखान्यात ती वापरणेच अटारीला अवघड वाटले. बाजारात आलेल्या यंत्रात अखेर सुमारे १०० चिपांची स्वतंत्र रचना वापरली गेली. वोझनियाकच्या हाती ३५० डॉलर पडले.

१ एप्रिल १९७६ रोजी या दोघांनी रोनाल्ड वेन यांना बरोबर घेऊन ॲपलचे भागीदारीपत्र केले. दोघांचे प्रत्येकी ४५ टक्के, वेन यांचे १०. वेन काही दिवसांतच बाहेर पडले. पुढच्या वर्षी आलेल्या ‘ॲपल टू’ संगणकात रंग, आवाज आणि फळी फिरवण्याची खुंटी या सोयी कशासाठी घातल्या, याचे उत्तर वोझनियाकनेच दिले आहे. ब्रेकआउट आपल्या संगणकावर, तोही बेसिक भाषेत लिहून, खेळता यावा हा त्याचा ध्यास होता. जे यंत्र नंतर कचेऱ्यांत जमाखर्चासाठी बसले, त्याची घडण एका खेळाच्या हौसेतून झाली.

जपानमध्ये तोमोहिरो निशिकाडो यांनी ब्रेकआउटवरून प्रेरणा घेऊन १९७८ मध्ये ‘स्पेस इन्व्हेडर्स’ घडवला. १९८६ मध्ये टाइटो कंपनीच्या ‘अर्कनॉइड’ने विटांमधून खाली पडणारी बक्षिसे आणली आणि आजचे मोबाइलवरील बहुतेक खेळ त्याच वळणाचे आहेत. लंडनच्या डीपमाइंड कंपनीने तर संगणकालाच हा खेळ शिकवला. त्याला नियम सांगितले नव्हते. फक्त पडद्यावरील चित्र आणि गुण दिसत होते. काही तासांच्या सरावानंतर त्याने भिंतीच्या कडेला बोगदा पाडून चेंडू विटांच्या मागे सोडण्याची युक्ती शोधली. वर गेलेला चेंडू आपोआप विटा पाडत राहतो. ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत २०१५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले.

एवढ्या मोठ्या वारशाच्या मुळाशी असलेला तो लहान हिशेब मात्र मिटला नाही. चिपा वाचवल्याबद्दल अटारीने जॉब्सला वेगळा बोनस दिला होता, हे वोझनियाकला कित्येक वर्षांनी कळले. ही रक्कम ५,००० डॉलर असल्याचे सांगितले जाते. ज्यांच्या घरात दोन कुटुंबांची सामाईक पेढी चालली आहे, त्यांना हे दुःख रकमेचे नाही हे सांगावे लागणार नाही. वोझनियाकचे म्हणणेही तेच होते. गरज आहे असे मित्राने नुसते सांगितले असते, तरी त्याने सारे पैसे आनंदाने दिले असते. आपण नेहमीप्रमाणे निम्मे दिले, असे जॉब्सने आपल्या चरित्रकाराला, वॉल्टर आयझॅक्सन यांना, सांगितले. ते चरित्र २०११ मध्ये, जॉब्सच्या निधनानंतर थोड्याच दिवसांत प्रसिद्ध झाले. त्याच चरित्रात वोझनियाकनेही हा विषय सोडून देणे पसंत केले. एवढ्या एका गोष्टीवरून मित्राची पारख करण्याची त्याची इच्छा नव्हती.