शनिवारच्या रात्री आवाज दूरवर का जातो?

पणजीत शनिवारची रात्र दोनदा होते. पहिली नऊ-साडेनऊच्या सुमारास, जेव्हा अठरा जून रस्त्यावरील दुकानांची शटर खाली येतात आणि कदंब बसस्थानकावरील गर्दी विरळ होते. दुसरी त्यानंतर. मांडवीतील कॅसिनो जहाजांचे दिवे पाण्यात लांबवर पसरतात, दयानंद बांदोडकर मार्गावर भाड्याच्या गाड्यांची वर्दळ वाढते आणि शहर जणू पाहुण्यांच्या स्वाधीन होते. दूरच्या एखाद्या समारंभातील ताल मळ्यातल्या किंवा पलीकडे बेतीतल्या घरात याच वेळी ऐकू येऊ लागतो. ‘बारानंतर मुद्दाम आवाज वाढवतात’ ही तक्रार मग ठरलेलीच. प्रत्यक्षात अनेकदा आवाज तेवढाच असतो. बदललेली असते ती भोवतालची हवा.

दिवसा तापलेल्या जमिनीलगतची हवा उष्ण असते. उष्ण हवेत ध्वनी अधिक वेगाने जातो, म्हणून त्याच्या लहरी वर, थंड हवेकडे वळतात आणि दूरच्या माणसाच्या डोक्यावरून निघून जातात. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन लवकर निवते, खालची हवा थंड आणि वरची उबदार होते. आता त्याच लहरी खाली वाकतात. नदीचे संथ पाणी ध्वनी फारसा शोषत नाही, वाटेत भिंत वा झाड नसते. वाहनांचा जो अखंड गुंजारव दिवसभर इतर आवाज झाकून टाकतो, तोही ओसरलेला असतो. अशा रात्री डिसेंबर-जानेवारीत अधिक, म्हणजे नेमक्या पर्यटन हंगामात. पावसाळ्यात ढग आणि सरींचा आवाज आपली बरीच सुटका करतात.

कायदा काय सांगतो? ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत निवासी भागातील मर्यादा ४५ डेसिबल आहे. दिवसा ती ५५ असते. मात्र ही मोजणी ‘ए’ भारांकनाने होते. माणसाच्या कानाला मंद सुरांपेक्षा तीव्र सूर अधिक जाणवतात, या गृहीतकावर ते बेतलेले आहे. ६३ हर्ट्झच्या खर्जाला मीटर सुमारे २६ डेसिबल कमी धरतो. बंद खिडकी गाण्याचे शब्द अडवते, पण ढोलासारखा खर्जातला ठोका भिंतीतून आत येतो. म्हणूनच मीटरवरचा आकडा मर्यादेत आणि अंथरुणावरचा रुग्ण जागा, असा प्रकार घडू शकतो. तक्रारदाराला अशा वेळी हळवा ठरवणे अन्यायाचे आहे.

बऱ्याच नागरिकांना ठाऊक नसलेली बाब अशी, की रात्रीच्या तक्रारीसाठी आकडा अनिवार्य नाही. दहानंतर ध्वनिक्षेपक किंवा वाद्य केवळ सभागृहासारख्या बंदिस्त जागेत, आतल्यांपुरतेच वापरता येते. उघड्यावर ते सुरू असेल तर तोच नियमभंग, आणि नियम ७ त्या आधारावर तक्रारीची मुभा देतो. जिल्हाधिकारी तसेच पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाचे प्राधिकृत अधिकारी तिची दखल घेऊ शकतात. तक्रारीत स्थळ, वेळ आणि जागा उघडी होती की बंदिस्त, हे स्पष्ट लिहावे.

नियमांत एक सवलतही आहे. सांस्कृतिक वा धार्मिक उत्सवासाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत परवानगी देऊ शकते. जत्रेतले नाटक पहाटेपर्यंत पाहण्याची सवय असलेल्या आपल्या गावांना बाराची ही वेळही जाचक वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. पण वर्षाला शनिवार येतात बावन्न. पंधरा दिवसांची ही सोय त्यांच्यासाठी केलेली नाही.