मक्याला शेजार लागतो

डोंबिवलीतल्या आमच्या गच्चीवर दोन वर्षांपूर्वी मी कठड्यालगत स्वीट कॉर्नची आठ रोपं एका ओळीत लावली. रोपं माझ्या डोक्याच्या वर गेली, तुरे आले, कणसं धरली. पहिलं कणीस सोललं तर आत आजोबांचं बोळकं! इथे चार दाणे, तिथे दोन, मधे नुसता पांढरा दांडा. त्याच सुमारास सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाण्याच्या टाकीच्या झाकणावरची पिवळी भुकटी दाखवून विचारलं होतं, "हे काय सांडलंय?" माझे हरवलेले दाणेच होते ते.

मक्याचा पराग शेंड्यावरच्या तुऱ्यात, आणि कणसाच्या तोंडातून लोंबणारे रेशमी केस म्हणजे त्याची मादीची बाजू. त्यातला प्रत्येक केस आत एकाच दाण्यापाशी जातो. केसावर परागाचा कण पडला तर तो दाणा भरतो, नाहीतर ती जागा रिकामी. मधमाश्या तुऱ्यावर येतात, पण केसांकडे फिरकत नाहीत. त्यात त्यांच्या कामाचं काही नसतं. सगळी भिस्त वाऱ्यावर. एका ओळीतला पराग वारा सरळ टाकीवर नेऊन टाकतो. म्हणून रोपं चौकोनात लावायची, चार बाय चार, दोन रोपांत साधारण फूटभर अंतर. कुठूनही वारा आला तरी कुणाचा ना कुणाचा पराग कुणाला मिळतो. शिवाय सकाळी दव सुकलं की तुरा कागदी पिशवीत झटकायचा आणि ती भुकटी केसांवर शिंपडायची. चार-पाच दिवस हा उद्योग केला की कणीस टोकापर्यंत भरतं.

आता मोसम. ठाण्याच्या तलावपाळीवर पावसात भाजलेलं कणीस खाताना वाटतं, हे पावसाळी पीक. पण ते बहुतेक घाटावरून येतं. आपल्याकडे जूनमध्ये पेरलं तर तुरा पडतो ऐन जुलैअखेरीस, आणि भिजलेला पराग उडत नाही, चिकटून बसतो. गणपती झाल्यावर, पाऊस ओसरताना पेरावं. तुरा नोव्हेंबरच्या कोरड्या हवेत येतो.

बी बघून हिरमुसू नका. सुरकुतलेलं, हलकं, वर गुलाबी औषध चोळलेलं. अतिगोड जातींच्या दाण्यात साखरेचं पिठूळ सत्त्व फारसं होत नाही, म्हणून वाळल्यावर तो आक्रसतो. म्हणूनच अंकुराची शिदोरीही तुटपुंजी; चिखलात बी कुजतं. एका जागी दोन दाणे टाका, पुढे एक रोप ठेवा. संकरित कणसाचं बी राखून पुढच्या वर्षी तीच गोडी येत नाही, ते विकतच आणावं लागतं.

मका खादाड आहे. खालच्या पानाचा पिवळेपणा टोकाकडून मधल्या शिरेवरून आत सरकू लागला की नत्र कमी पडलं समजा. रोप गुडघाभर झालं की गांडूळखत घालून बुंध्याला मातीची भर द्या, नाहीतर उंचावरच्या वाऱ्यात ते आडवं होतं.

आणि पोंगा, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांची सुरळी, रोज बघा. तिथे भुशासारखी ओली विष्ठा दिसली तर लष्करी अळी. ही अमेरिकेतली पाहुणी २०१८मध्ये कर्नाटकात दिसली आणि बघता बघता देशभर पसरली. डोक्यावर उलटा इंग्रजी वाय, शेपटीकडे चौकोनात चार ठिपके. सोळा रोपांना फवारणी कशाला? चिमट्याने उचला, साबणाच्या पाण्यात टाका.

केस दिसल्यापासून वीसेक दिवसांनी ते तपकिरी होऊन सुकतात. तेव्हा वरची साल जराशी उघडून दाण्यात नख रुतवायचं. पाणी आलं तर थांबा, दूध आलं तर तोडा, पीठ आलं तर उशीर झाला, भजी करा. मी या वर्षी आधी गॅसवर पातेलं ठेवलं, मग गच्चीवर गेलो. तीन कणसं तोडली, दोनच खाली पोचली.