कुंपणांतील काळवीट

ज्या भूमीवर कृष्णसार मृग स्वभावतःच संचार करतो ती भूमि यज्ञास योग्य होय, असें आमच्या स्मृतिकारांनीं मानिलें आहे. हें लक्षण लावूं गेल्यास आज एका दूरदेशाविषयीं चमत्कारिक पेंच पडेल. अमेरिकेंतील टेक्सास संस्थानांत आमचा हा काळवीट हजारोंनीं चरत आहे. मात्र तो तेथें आपण होऊन गेला नाहीं, त्यास नेण्यांत आलें. आणि त्याचें पोषण मुख्यतः शिकारीसाठीं होतें.

टेक्सासांत शेंकडा ९५ च्या सुमारास जमीन खाजगी मालकीची आहे. गुरें चारण्याचीं तेथील विस्तीर्ण कुरणें ‘रँच’ या नांवानें प्रसिद्ध आहेत. १९३२ च्या सुमारास कांहीं रँचवर काळवीट व चितळ सोडण्यांत आले. त्याच दशकांत किंग रँचवर नीलगाय आली. पुढें उंच जाळीचीं कुंपणें उभारून, शुल्क घेऊन शिकार करूं देण्याचा धंदाच सुरू झाला. येथें कायद्यांतील एक भेद ध्यानांत घेण्याजोगा आहे. तेथील मूळचें पांढऱ्या शेपटीचें हरिण कोणाच्याही कुरणांत चरो, तें सर्व प्रजेचें. त्याच्या शिकारीचा हंगाम व संख्या सरकार ठरवितें. परदेशी मृगांस हें संरक्षण नाहीं. मालकाची अनुज्ञा व शिकारीचा परवाना असला, कीं वर्षांतील कोणत्याही दिवशीं त्यांस मारतां येतें.

हें वाचून पुष्कळांस तिटकारा येईल. परंतु निकाल देण्यापूर्वीं दुसरी बाजू ऐकणें हा न्याय आहे. पाकिस्तानांतून काळवीट नाहींसा झाल्यावर १९७० सालीं टेक्सासमधूनच त्याचें बीज तिकडे नेण्यांत आलें. सहारा वाळवंटाच्या कडेस राहणारा, तलवारीसारख्या वांकड्या शिंगांचा ओरिक्स २००० सालीं रानांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. तेव्हां टेक्सासच्या कुरणांत मात्र तो नांदत होता. पुढें २०१६ सालीं पाळलेल्या कळपांच्या संततींतून त्यास चाड देशांत पुन्हां मोकळें सोडण्यांत आलें. शिकाऱ्याच्या पैशानें वंश राखला, हें नाकारतां येत नाहीं.

पण वंश राखणें म्हणजे रान राखणें नव्हे. केर येथील सरकारी संशोधनक्षेत्रांत सिका नांवाचीं आशियाई हरिणें व मूळचीं हरिणें एका कुंपणांत समसमान ठेविलीं होतीं. दहा वर्षांच्या आंत मूळचीं नाहींशीं झालीं आणि सिका वाढलीं. कारण उघड आहे. मूळचें हरिण झुडुपांच्या पाल्यावर व रानरोपांवर जगतें. तीं संपलीं कीं पाहुणा गवतावर भागवितो, घरच्यास तें साधत नाहीं. चितळाचीही रीत हीच; आणि तो तर कुंपणाबाहेर पडून कधींच मोकळा झाला आहे. नीलगाई गुरांच्या तापाच्या गोचिड्या वाहून नेतात, ती पीडा निराळीच.

आमच्याकडे १९७२ च्या कायद्यानें काळविटास पूर्ण संरक्षण मिळालें, आणि अहिल्यानगर जिल्ह्यांत रेहेकुरी येथें १९८० सालीं त्याच्यासाठीं अभयारण्य झालें. येथें त्याच्या शिंगांस बाजार नाहीं, तो कोणाच्या मालकीचा नाहीं. परंतु तो शेजारच्या शेतांत शिरतो, तेव्हां त्याच्या पोटाचा खर्च एकटा शेतकरी सोसतो! एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस हें कोडें नवें नाहीं. समाईक विहिरीचें पाणी सर्वांस हवें असतें. तिचा गाळ उपसण्याची पाळी मात्र नेहमीं एकाच भावावर येते.

टेक्सासांत मृगाचा खर्च शिकारी देतो, म्हणून मृग त्याच्या बंदुकीचा होतो. आपणांस तो कोणाचाही होऊं नये असें वाटत असेल, तर त्याचा खर्च आपण सर्वांनीं उचलला पाहिजे. पीक गमावलेल्या शेतकऱ्यास पुरती व वेळेवर भरपाई मिळावी, आणि ती देतांना कोणी कुरकुरूं नये. कृष्णसार जेथें स्वभावतः हिंडतो अशी भूमि फुकट राखतां येत नाहीं, असें आम्हांस वाटतें.