खर्जाची तार : नखी की बोट?



व्याख्यानमालेत वाद्यावर बोलायचे म्हटले की सतार, सनई, फार तर संवादिनी, इतपतच विषय लोक धरून चालतात. आज आम्ही ज्या वाद्याविषयी बोलणार आहोत ते गणेशोत्सवातील ऑर्केस्ट्रात आपण सर्वांनी पाहिलेले आहे. ऐकलेले आहे काय, याची मात्र आम्हांस शंका आहे. व्यासपीठाच्या मागल्या अंगास, तालवाद्यांच्या शेजारी, लांब मानेची चार तारांची गिटार घेऊन जो गृहस्थ निमूट उभा असतो, तो बेस गिटार वाजवीत असतो. तो मध्येच थांबला तर सारे गाणे एकाएकी पोकळ होते, आणि तरीही काय थांबले ते बहुतेकांना सांगता येत नाही.

या वादकांमध्ये एक जुना तंटा आहे. तार बोटाने छेडावी की नखीने? येथे नखी म्हणजे सतारियाच्या बोटावर चढते ती तारेची नव्हे, तर चिमटीत धरायची त्रिकोणी चकती. बोटवाले म्हणतात, नखी ही साध्या गिटारवाल्याची सवय. बेसचा खरा हात बोटाचाच. नखीवाले म्हणतात, तुमचा आवाज गादीवर बुक्की मारल्यासारखा. त्यात सूर कुठला ते आधी कळू द्या. 

तंटा वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु आमच्या माहितीतील एका तरुणाचे सरकीच्या जिनात काम करताना उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे गेली. त्याला या वाद्याची ओढ होती. एका जाणत्या म्हणविणाऱ्याने त्याला सांगितले की बेस बोटानेच वाजते, तेव्हा तुझा हा मार्ग बंद. त्याने वर्षभर वाद्याला हात लावला नाही. एखाद्या मताने माणसाचे वाद्य हिरावले जात असेल, तर ते मत कशावर उभे आहे हे पाहणे अगत्याचे होते.

मुळात हा प्रश्न आपल्याला परका नाही. तंबोऱ्याला कोणी नखी लावीत नाही. पहिली तार मधल्या बोटाने, उरलेल्या तीन तर्जनीने, त्याही बोटाच्या मांसल भागाने, तारेच्या मध्याच्या आसपास. छेडायच्या म्हणण्यापेक्षा कुरवाळायच्या. वारकऱ्याच्या गळ्यातील वीणा आणि भजनातील एकतारी याही बोटाच्याच. उलट सतारीला तर्जनीवर नखी चढविल्यावाचून भागत नाही, आणि सरोदिया नारळाच्या करवंटीचा जवा चिमटीत धरतो. तुणतुण्याला पुष्कळदा लाकडाची बारीक काडी लागते. आमच्या जिल्ह्यातील परधानांची किंगरी गजाने वाजते, म्हणून ती बिचारी या वादाबाहेर.

यात एक वाटणी दिसते. तंबोरा, एकतारी यांचे काम आधार देण्याचे. सतार, सरोद यांचे काम बोलण्याचे. जेथे सुराने मागे राहून पोकळी भरायची तेथे बोट आले, आणि जेथे बोल स्वच्छ उमटायला हवा तेथे नखी. तुणतुणे साथीचे असून काडीचे, हे खरे. पण त्याला डफाच्या कल्लोळातून आणि शाहिराच्या पहाडी आवाजातून वर यायचे असते! बेस गिटारची अडचण अशी की तिच्याकडे दोन्ही कामे आली. ती खर्जही धरते आणि तालाशी बोलतेही.

आता थोडे शास्त्र पाहू. तार छेडणे म्हणजे ती बाजूला ओढून सोडणे. सोडण्याच्या क्षणी तारेला एक कोपरा पडलेला असतो. नखीचे टोक बारीक व कठीण, म्हणून कोपरा तीक्ष्ण. बोटाचा भाग रुंद व मऊ, म्हणून तो गोलसर. तारेच्या कोणत्याही सुरात मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वयंभू स्वर मिसळलेले असतात. तीक्ष्ण कोपऱ्यातून वरचे स्वयंभू स्वर भरपूर निघतात. गोल कोपऱ्यातून ते गळतात. आकड्यांत सांगायचे तर बेस गिटारची सर्वांत जाड तार मोकळी वाजविली असता सेकंदाला सुमारे 41 कंपने होतात, आणि प्रचलित मापात तारेची लांबी 34 इंच, म्हणजे जवळजवळ 86 सेंटीमीटर असते. बोट तारेला सेंटीमीटरभर टेकते असे धरू. ज्या स्वयंभू स्वरात तार सेंटीमीटर-सेंटीमीटराच्या तुकड्यांत विभागून हलते तो 86वा, म्हणजे सेकंदाला साडेतीन हजार कंपनांच्या आसपासचा. त्या सुमारास बोट वरचे स्वर पुसू लागते. नखीचे टोक मिलिमीटर-दीड मिलिमीटराचे. तिची पुसण्याची हद्द कितीतरी वर.

याइतकेच महत्त्व तार कोठे छेडली यालाही आहे. टॉमस यंग या इंग्रज शास्त्रज्ञाने 1800 साली दाखविले की ज्या बिंदूवर तार छेडावी, त्या बिंदूवर ज्यांची गाठ येते ते स्वयंभू स्वर निघतच नाहीत. मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा, असे सारे गप्प. घोडीजवळ छेडली तर वरचे स्वर जोर धरतात व आवाज टणक होतो. मानेकडे सरकावे तसा तो गोल होत जातो. यास्तव घोडीजवळ वाजणारे बोट आणि मानेजवळ वाजणारी नखी यांतील फरक आपण समजतो तेवढा राहत नाही. भांडणारे दोघेही हे सहसा विचारात घेत नाहीत.

येथे आपल्या देशातील एक सुंदर शोध सांगितल्याविना राहवत नाही. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली तंबोरा आणि वीणा यांविषयी लिहिताना दाखविले की ही वाद्ये यंगचा नियम पाळीत नाहीत. गाठीवर छेडले तरी जे स्वर गप्प बसायला हवेत ते खुशाल निघतात! कारण त्यांची घोडी. तिचा माथा रुंद व किंचित वक्र असतो, तंबोऱ्यात त्यावर तारेखाली दोराही सरकविलेला असतो, आणि हलणारी तार त्या माथ्याला वारंवार चाटत राहते. यालाच आपण जवारी म्हणतो. मिरजेचे कारागीर कानसेने ती तासन्‌तास घासून बसवितात, ते यासाठीच. तेव्हा तंबोऱ्याला मऊ बोट पुरते, कारण वरच्या स्वरांची भरती जवारी करते. बेस गिटारला जवारी नाही. तिला वरचे स्वर हवे असतील तर ते छेडणाऱ्या हातानेच मिळवावे लागतात. आमच्या मते नखीची बाजू घ्यायला हे एक कारण पुरेसे आहे.

इतिहास काय म्हणतो? कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी 1951 साली सतारीसारख्या पडद्यांची विजेवरील बेस बाजारात आणली. त्यांनी तारांच्या खालच्या अंगास बोटे टेकायला एक पट्टी बसविली होती, म्हणजे उरलेला अंगठा तार छेडील! बोट नव्हे, नखीही नव्हे. कर्त्याच्या मनात अंगठा होता. पुढे डेट्रॉइटचे जेम्स जेमर्सन यांनी उजव्या हाताच्या केवळ तर्जनीने असे वादन केले की आजही विद्यार्थी ते घोटतात. लॉस एंजेलिसच्या कॅरोल के या मूळच्या गिटारवादक. 1963 साली एका ध्वनिमुद्रणास बेसवादक आला नाही म्हणून त्यांनी बेस उचलली, नखी हातात होतीच, ती तशीच ठेवली, आणि अमेरिकेतील असंख्य ध्वनिमुद्रणांत तो नखीचा नाद शिरला. बीटल्समधील पॉल मॅकार्टनी बहुधा नखीचे. 1976 साली पुढे आलेले जॅको पास्टोरियस बोटाचे, तेही घोडीजवळचे. यांत खरा कोण आणि खोटा कोण ते ज्याने त्याने ठरवावे; आम्हांस तरी ठरविता येत नाही. आपल्याकडे मुंबईच्या चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बेस होती. ती गाणी आपण वर्षानुवर्षे गुणगुणतो, पण त्यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे?

रेडिओचाही यात हात आहे. लहान ट्रान्झिस्टरच्या कर्ण्यातून सेकंदाला 41 कंपनांचा स्वर बाहेर पडूच शकत नाही. तरी आपल्याला तो खालचा सूर समजतो, कारण दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर कानी आले की मूळ स्वर मन स्वतः भरून काढते. वरचे स्वर जितके स्पष्ट, तितके हे काम सोपे. मंडपातील मोठ्या कर्ण्यांपुढे गोष्ट उलटी होते. तेथे खर्ज आधीच उतू जातो, आणि नखीने वाजविलेला सूर निदान त्या गडगडाटातून वेगळा काढता येतो.

हाताच्या बाबतीत सतारीचे बोल उपयोगी पडतात. सतारीत नखी आत ओढली की 'दा', बाहेर लोटली की 'रा'. दोन्हींचे वजन सारखे करण्यात विद्यार्थ्याची वर्षे जातात. चकतीच्या नखीने बेस वाजविताना खाली जाणारा आघात जड आणि वर येणारा हलका, हीच अडचण. ज्यांना सरळ, कूच करणारी लय हवी ते म्हणून सगळेच आघात खाली देतात. बोटवाल्याची तर्जनी व मधले बोट आळीपाळीने चालतात, आणि मधले बोट लांब असल्यामुळे तेथेही तोच झगडा आहे. बोटाला एक लाभ निश्चित आहे : एका तारेवरून दुसरीवर जाताना ते सुटलेल्या तारेवर विसावते व तिला गप्प करते. नखीवाल्याला हे काम तळहाताच्या कडेने करावे लागते, ते शिकायला वेळ लागतो. वैशाखातील लग्नसराईत, पारा 44 अंशांवर असताना, नखी घामाने निसटते आणि बोट तारेला चिकटते. तेव्हा दोन्ही पक्ष हातरुमाल शोधतात.

त्या जिनातल्या तरुणाने पुढे अंगठा आणि उरलेली बोटे यांच्यात जाड नखी धरून वाजविण्यास सुरुवात केली. जानगो राइनहार्ट या युरोपातील गिटारवादकाची डाव्या हाताची दोन बोटे 1928 सालच्या आगीत निकामी झाली होती, हे त्याला कोणीतरी सांगितले होते. सध्या तो तळहाताची कड तारेवर ठेवून छेडलेली तार चटकन मिटविण्याचा सराव करीत आहे. वरच्या दोन तारा त्याला साधल्या आहेत. जाड तार अजून घोंघावते.