सप्ताहाचा महिना झाला तो केंटमध्ये

इतिहासकार कार्टर वुडसन यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा सप्ताह १९२६च्या फेब्रुवारीत सुरू केला. राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन आणि गुलामगिरीविरोधी नेते फ्रेडरिक डग्लस यांचे जन्मदिवस त्याच आठवड्यात येत. गुलामीत जन्मलेल्या डग्लस यांना आपली जन्मतारीख कधी कळलीच नाही. १४ फेब्रुवारी हा दिवस त्यांनी स्वतः निवडला होता. सप्ताहाच्या तारखांमागचा हा तपशील विसरू नये असाच आहे.

सप्ताहाऐवजी महिना हवा, ही मागणी १९६९मध्ये ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात ‘ब्लॅक युनायटेड स्टुडंट्स’ या संघटनेने आणि कृष्णवर्णीय अध्यापकांनी लावून धरली. २ जानेवारी ते २८ फेब्रुवारी १९७० या काळात तिथे तो पहिल्यांदा साजराही झाला. हा महिना पाळण्याचे राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांचे देशाला आवाहन आले ते १९७६मध्ये.